डोंगर नको, मळीची जमीन द्या: ४७५ किलोहर्ट्झवरचा प्रयोग

कोल्हापुरात हॅम रेडिओचा सेट खांद्यावर घेतला की पाय आपोआप जोतिबाच्या नाहीतर पन्हाळ्याच्या वाटेला लागतात. व्हीएचएफला ते बरोबरच आहे. उंची मिळाली की चांगभलं. पण ४७२ ते ४७९ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, म्हणजे ६३० मीटरवर, ही सवय आधी मोडावी लागते. इथे लहर जमिनीला धरून चालते आणि प्रक्षेपकातली बहुतेक शक्ती अँटेनाखालच्या मातीतच जिरते. डोंगरावरचा जांभा कोरडा असतो आणि वीज नीट वाहून नेत नाही. नदीकाठची ओलसर काळी माती त्याच्या कितीतरी पट बरी. म्हणून आम्ही डोंगर सोडला आणि पंचगंगेपलीकडे वडणग्याच्या शिवारात मळीच्या जमिनीचा एक तुकडा धरला. मळी म्हणजे नदीच्या गाळाची जमीन. साखर कारखान्याची मळी नव्हे, तरी वास दोन्हीचा येतो.

जागा ठरवताना आणखी एक गोष्ट बघितली. उजळाईवाडीच्या विमानतळाच्या बाजूला खांब उभा करायचा म्हणजे उंचीच्या परवानगीचा प्रश्न येतो. शिवाय शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या फौंड्र्यांच्या इंडक्शन भट्ट्या आणि मोटारींचे ड्राइव्ह या पट्ट्यात घोंगावतात. शहराच्या वायव्येला दोन्ही त्रास कमी आहेत.

परवान्याचं आधी सांगतो. आपल्या श्रेणीच्या परवान्यात आणि लागू असलेल्या वारंवारता आराखड्यात हा पट्टा आपल्याला खुला आहे, हे डब्ल्यूपीसीच्या, म्हणजे परवाने देणाऱ्या केंद्र सरकारच्या विभागाच्या, कागदावर बघितल्याशिवाय हवेत काही सोडायचं नाही. तोवर सगळं डमी लोडवर, म्हणजे अँटेनाऐवजी जोडलेल्या रेझिस्टरवर करायचं. ५१० ओमचे ३ वॅटचे दहा मेटल ऑक्साइड रेझिस्टर समांतर जोडले की ५१ ओम आणि ३० वॅटचा लोड तयार होतो. वायरवाउंड रेझिस्टर घेऊ नका, ते स्वतःच कॉइल असतात. आंतरराष्ट्रीय पातळीवर हा पट्टा २०१२ च्या जागतिक रेडिओ परिषदेत हौशी सेवेला दुय्यम म्हणून मिळाला आणि मर्यादा १ वॅट ईआयआरपी ठरली. ईआयआरपी म्हणजे सगळ्या दिशांना सारखं फेकणाऱ्या काल्पनिक अँटेनाला तेवढ्याच सिग्नलसाठी लागली असती ती शक्ती. १३६ किलोहर्ट्झचा त्याचा थोरला भाऊ २००७ च्या परिषदेतला, मर्यादा तीच.

१ वॅट ऐकून हसू येतं. ते हसू कुठे जिरतं, ते आकड्यांत बघा.

४७५ किलोहर्ट्झची तरंगलांबी ६३१ मीटर, म्हणजे पाव लहर १५८ मीटर. आमच्याकडे खांब होते साडेअकरा मीटरचे: दीड इंची आणि सव्वा इंची असे २० फुटी जीआय पाइप, एक दुसऱ्यात दोन फूट घालून. असे दोन खांब ३४ मीटर अंतरावर उभे केले. मधे वर ३० मीटर लांबीच्या दोन समांतर तारा, एकमेकींपासून १.२ मीटरवर. त्यांच्या मध्यातून एक तार सरळ खाली. इंग्रजी टी अक्षरासारखा आकार. वरच्या तारा फारसं प्रक्षेपण करत नाहीत, त्या फक्त खालच्या उभ्या तारेत वरपर्यंत प्रवाह टिकवून धरतात. अँटेनाच्या क्षमतेला (कपॅसिटन्सला) उभ्या तारेला मीटरमागे ६ आणि आडव्या तारेला ५ पिकोफॅरड हा जुना ठोकताळा. दुसरी समांतर तार पहिलीइतकी भर घालत नाही, साधारण निम्मी घालते. हिशोब ३०० च्या आसपास येत होता, प्रत्यक्ष मोजलं तेव्हा २८० पिकोफॅरड भरले. तारा मधे झोळ खातात, ते धरून परिणामकारक उंची १० मीटर मानली.

या उंचीला रेडिएशन रेझिस्टन्स, म्हणजे हवेत फेकल्या जाणाऱ्या शक्तीच्या वाट्याचा रेझिस्टन्स, येतो ०.४ ओम. बाकी सगळा तोटा. आखूड उभ्या अँटेनाचं ईआयआरपी म्हणजे तिने खरोखर फेकलेल्या शक्तीच्या तिप्पट. म्हणजे १ वॅट ईआयआरपीला ०.३३ वॅट फेकली जायला हवी आणि त्यासाठी तारेत ०.९१ अँपिअर प्रवाह लागतो. माती आणि कॉइल मिळून २५ ओम खात असतील तर हा प्रवाह २१ वॅटमध्ये मिळतो. ६० ओम खात असतील तर ५० वॅट लागतात. म्हणून या पट्ट्यावर प्रक्षेपकाच्या वॅटवर पैसे घालण्यात अर्थ नाही. ओम कमी करायचे. आमचे तीन महिने या एकाच कामात गेले.

पहिल्या दिवशी पाणंदीच्या कडेला दीड मीटरचे चार जीआय पाइप ठोकले, अर्थिंगच्या खड्ड्यात घालतात तसं मीठ आणि कोळसा घातला आणि मोजलं: ६२ ओम. दीड मीटरचा पाइप तीन मीटरचा केल्याने फारसं काही होत नाही, कारण पाइपाचा संबंध त्याच्या भोवतीच्या मातीपुरताच. अँटेनाच्या तारांखाली परतणारा प्रवाह जमिनीभर पसरलेला असतो आणि तो गोळा करायला आडव्या तारा लागतात. मग १ चौरस मिलिमीटरची घरगुती तांब्याची वायर घेऊन १२ मीटरचे २० रेडियल, म्हणजे अँटेनाच्या पायथ्यापासून चहूकडे जाणाऱ्या तारा, टाकले. २४० मीटर, म्हणजे ९० मीटरच्या तीन गुंडाळ्या. आकडा एकदम ३१ वर आला. पहिल्या आठ रेडियलनी बहुतेक काम केलं, शेवटच्या सहांनी जेमतेम एक ओम उतरवला.

शेतात रेडियल टाकायचे म्हणजे रोटाव्हेटरशी वैर. पाच सेंटिमीटर खोल पुरलेली वायर पहिल्याच मशागतीत शेवया होऊन वर येते. त्यामुळे पुस्तकातला सुबक गोल विसरा. आमचे बारा रेडियल बांधांच्या कडेने गेले आणि आठ उसाच्या सरीतून, लागण झाल्यावर. तोडणीला ते गुंडाळायचे, खोडव्याला पुन्हा टाकायचे. उघडी तांब्याची तार घेऊ नका. रात्रीत जाते आणि भंगारात वजनावर विकली जाते. पीव्हीसीचं आवरण असलेली वायर रेडियल म्हणून तितकीच चालते.

काळ्या मातीची एक खोड मात्र कुठल्याही परदेशी लेखात सापडणार नाही. एप्रिलमध्ये ती भेगाळते. पाइपाभोवती बोटभर फट पडते, पाइप हाताने हलतो आणि ३१ चा आकडा चाळिशीला जातो. पाणी ओतलं की दोन दिवस बरं, मग पुन्हा तेच. यावर उपाय बेंटोनाइट. पाइपाच्या भोवती सहा इंच व्यासाचा खड्डा घेऊन बेंटोनाइटचा लगदा भरला की तो माती आक्रसली तरी पाइपाला धरून राहतो. वरून उसाचं पाचट अंथरलं तर ओल टिकते. आणि ऊस स्वतः? तोही खातो. डोक्याच्या वर गेलेला हिरवा ऊस थेट तारांखाली असेल तर तो ओल्या लाकडासारखाच तोटा करतो. तोडणीच्या आधी आणि नंतर त्याच अँटेनावर दोन ओमांचा फरक दिसला. झाडाचं तर विचारूच नका, उभी तार आंब्यापासून जितकी लांब नेता येईल तितकी न्या.

आता कॉइल. २८० पिकोफॅरडला ४७५ किलोहर्ट्झवर अनुनादात (रेझोनन्समध्ये) आणायला ४०० मायक्रोहेन्री लागतात. पहिली कॉइल १६० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपवर, १.५ चौरस मिलिमीटरच्या घरगुती वायरचे ६५ वेढे, खेटून. लांबी २० सेंटिमीटर, वायर ३४ मीटर. काम झालं, पण क्यू (कॉइलचा गुणांक, जास्त तितका तोटा कमी) जेमतेम दीडशे, म्हणजे कॉइलच ८ ओम खात होती. मातीतून एकेक ओम ओरबाडून काढत असताना कॉइलमध्ये आठ घालवणं म्हणजे घागरीला भोक ठेवून विहीर खोल करणं.

म्हणून लिट्झ तार, म्हणजे एकमेकांपासून विलग बारीक पदरांची पिळलेली तार, घरीच केली. ४७५ किलोहर्ट्झला तांब्यात प्रवाह कातडीपाशी साधारण ०.१ मिलिमीटर खोलीतच वाहतो, म्हणून जाड तारेचा गाभा फुकट जातो. उद्यमनगरातल्या रिवाइंडिंगच्या दुकानात ३८ नंबरची एनॅमल तार मिळते, ०.१५ मिलिमीटर. ४२ नंबर जास्त बरी पडली असती, पण ती हातात तुटते. तीस पदर २७ मीटर लांब पसरवायचे, एक टोक बांधावरच्या खुंटीला आणि दुसरं ड्रिल मशीनच्या चकमध्ये, मग सावकाश पीळ. १५० ग्रॅम तार पुरते. आधी दहा-दहा पदरांचे तीन पेड वळायचे आणि मग तिन्ही एकत्र उलट दिशेने. एकदम तीस पदर वळले तर आतला पदर कायम आतच राहतो आणि लिट्झचा उद्देशच बाजूला पडतो. अंबाडीच्या दोराला पेड घालतात तसंच हे.

तार घेताना सोल्डर होणारं एनॅमल मागा. मोटारीच्या वाइंडिंगची चांगली तार उष्णतेला टिकावी म्हणूनच केलेली असते. तिचं एनॅमल सोल्डरिंग आयर्नने जळत नाही, प्रत्येक पदर ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासावा लागतो. तिसातला एक पदर जरी टोकाला जोडायचा राहिला तरी तो बाकीच्यांत फुकट तापत राहतो आणि क्यू खाली येतो. आमच्या पहिल्या लिट्झ कॉइलचा क्यू अपेक्षेपेक्षा बराच कमी आला. टोक कापून मोजलं तर चार पदर सुटलेले. पुन्हा सोल्डर केल्यावर तोटा साडेतीन ओमांवर आला.

ही कॉइल १६० च्याच पाइपवर ५१ वेढ्यांची. वेढ्यांमध्ये २ मिलिमीटरचं अंतर राहावं म्हणून उद्यमनगरात लेथवर पाइपाला आटे पाडून घेतले. साधा पाइप चकमध्ये धरला की चेपतो, आत लाकडाचा ठोकळा बसवून द्यावा लागतो. लेथवाल्याने प्लास्टिकवर आटे कशाला म्हणून दोनदा विचारलं आणि शेवटी अर्ध्या तासात काम करून दिलं. मोजणी ३७५ मायक्रोहेन्री. उरलेलं व्हेरिओमीटरमधून, म्हणजे फिरवून कमी-जास्त करता येणाऱ्या कॉइलमधून. ११० मिलिमीटरच्या पाइपचा ६ सेंटिमीटर लांबीचा तुकडा, त्यावर १५ वेढे, मोठ्या पाइपच्या आत एका नायलॉन दांड्यावर फिरणारा, मोठ्या कॉइलशी एकसर (सिरीज) जोडलेला. तुकड्याचा कर्ण साडेबारा सेंटिमीटर येतो, तो १६० च्या पाइपात मोकळा फिरतो. अर्धा फेरा दिला की एकूण ७० मायक्रोहेन्रीचा फरक पडतो. फिरत्या भागाला जाणारी वायर मऊ, बारीक पदरांची घ्या, नाहीतर वीस-तीस फेऱ्यांत मानेपाशी तुटते.

व्हेरिओमीटर ही चैन नव्हे. सगळं मिळून २५ ओम तोटा असताना अनुनादाची रुंदी १० किलोहर्ट्झ असते. अँटेनाची क्षमता दोन टक्के बदलली की अनुनाद पावणेपाच किलोहर्ट्झ सरकतो, म्हणजे अर्धी रुंदी. आणि दोन टक्के म्हणजे सहा पिकोफॅरड. ओल्या नायलॉन दोरीने सैल होऊन तार दीड फूट खाली आली की तेवढं झालंच. दोरी पॉलिएस्टरची घ्या, ओली झाली तरी ताणत नाही.

मोजायला नॅनोव्हीएनए हे अँटेना तपासायचं छोटं उपकरण वापरलं. तो ५० किलोहर्ट्झपासून चालतो, पण उघड्या अँटेनावर थेट लावला की आकडे नाचायला लागतात. कारण सांगली आकाशवाणीच्या १२५१ किलोहर्ट्झच्या मध्यम लहरी या एवढ्या मोठ्या तारेत भरपूर ताकदीने येतात आणि उपकरणाचा पुढचा टप्पा गोंधळतो. कॉइल जोडून मोजलं की कॉइलच चाळणीचं काम करते. अनुनादाच्या जागी रिअॅक्टन्स शून्य होतो आणि उरलेला रेझिस्टन्स हाच आपला एकूण तोटा. दुसरी काळजी स्थिर विजेची. कोरड्या वाऱ्यात तारेवर साठणारा भार नॅनोव्हीएनएचा बळी घेऊ शकतो. जोडण्याआधी तार एकदा जमिनीला टेकवा आणि मग जोडा.

प्रक्षेपक सोपा आहे, म्हणून थोडक्यात. वारंवारता तयार करणाऱ्या एसआय५३५१ चिपची पाटी, तिला चालवायला अर्डुइनो नॅनो, वेळेसाठी जीपीएस मॉड्यूल. एसआय५३५१ मधून हवी त्याच्या दुप्पट वारंवारता काढायची आणि ७४एचसी७४ या चिपने तिचे दोन भाग करायचे. त्यातून बरोबर निम्म्या-निम्म्या काळाच्या दोन उलट लहरी मिळतात. त्या टीसी४४२७ या चालक (ड्रायव्हर) चिपमधून दोन आयआरएफ५४० मॉसफेटच्या गेटवर. ट्रान्सफॉर्मर ईटीडी३९ फेराइटवर: प्राथमिक ४ अधिक ४ वेढे, मधे १२ व्होल्ट, दुय्यम १२ वेढे. ५० ओमवर ३२ व्होल्ट, म्हणजे २१ वॅट मिळतात आणि पुरवठ्यातून दोन अँपिअर जातात. हीट सिंक जेमतेम कोमट होतो. तापला तर समजा की लोड बिघडला आहे.

दोन सापळे सांगतो. ७४एचसी७४ ला घड्याळ (क्लॉकचे ठोके) मिळायचं थांबलं, म्हणजे अर्डुइनो अडकला किंवा एसआय५३५१ चालूच झाला नाही, तर एक मॉसफेट कायमचा चालू राहतो आणि ट्रान्सफॉर्मरची प्राथमिक बाजू सरळ शॉर्ट होते. ३ अँपिअरचा जलद फ्यूज याच्यासाठी, शिवाय चालकाच्या आधी घड्याळ सुरू झाल्याची खात्री प्रोग्राममध्ये. दुसरा सापळा दोनाने भागण्याचा. डब्ल्यूएसपीआर या क्षीण सिग्नलसाठीच्या डिजिटल पद्धतीत चार सूर असतात, एकमेकांपासून १.४६ हर्ट्झवर. नंतर दोनाने भागायचं असेल तर एसआय५३५१ मध्ये ही पायरी २.९३ हर्ट्झ ठेवावी लागते. हे विसरलं की सूर अर्ध्या अंतरावर पडतात, रिसीव्हरच्या वॉटरफॉल चित्रात सुरेख रेघ दिसते आणि डीकोड एकही होत नाही. एक पूर्ण संध्याकाळ यात जाऊ शकते. जाते.

गाळणीशिवाय अँटेनाला हात लावायचा नाही. चौकोनी लहरीत तिसरा हार्मोनिक (तिप्पट वारंवारतेचा सूर) भरपूर असतो आणि ४७५ चा तिसरा म्हणजे १४२५, दुसरा म्हणजे ९५०: दोन्ही मध्यम लहरींच्या पट्ट्यात. ६०० किलोहर्ट्झची पाच घटकांची गाळणी: ८.२ मायक्रोहेन्री, ८.६ नॅनोफॅरड, २६.५ मायक्रोहेन्री, पुन्हा ८.६ नॅनोफॅरड, पुन्हा ८.२ मायक्रोहेन्री. सुरुवात कॉइलनेच व्हायला हवी. कपॅसिटरने केली तर मॉसफेट प्रत्येक झटक्याला तो कपॅसिटर भरत बसतात आणि तापतात. टी१०६-२ या लाल टोरॉइडवर २५, ४४ आणि २५ वेढे. कपॅसिटर पॉलिप्रॉपिलीनचे, ६.८ आणि १.८ नॅनोफॅरड समांतर. साधे सिरॅमिक लावले तर पाच मिनिटांत बोट भाजतं आणि किंमत सरकते. तपासणीसाठी घरातला जुना ट्रान्झिस्टर पुरतो. तो शंभर पावलांवर नेऊन ९५० आणि १४२५ वर काटा लावायचा आणि प्रक्षेपक चालू-बंद करायचा. काही फरक ऐकू आला तर काम बाकी आहे.

५० ओमपासून अँटेनाच्या २५ ओमपर्यंत उतरायला फेराइटवर २० वेढ्यांचा ऑटोट्रान्सफॉर्मर, ९ पासून पुढे प्रत्येक वेढ्याला टॅप. २५ ओमला चौदावा वेढा. टॅप ठेवण्याचं कारण माती: मार्चमध्ये पंधरावा बसतो, ऑगस्टमध्ये तेरावा. याच ट्रान्सफॉर्मरमधून अँटेनावरचा स्थिर भार जमिनीत उतरत राहतो, हा वरकड फायदा.

सगळ्यात उपयोगी उपकरण मात्र पन्नास रुपयांचं आहे. फेराइटच्या छोट्या कड्यावर २० वेढे, त्यांच्यावर ५१ ओमचा रेझिस्टर, आणि कड्याच्या भोकातून अँटेनाला जाणारी तार. १ अँपिअरला ऑसिलोस्कोपवर अडीच व्होल्ट मिळतात. अँटेनाची जुळणी दाखवणारा एसडब्ल्यूआर मीटर इथे फसवतो, कारण ओली माती आणि खराब कॉइल यांनीही एसडब्ल्यूआर सुंदर दिसतो. प्रवाह खोटं बोलत नाही. काही बदल केला आणि प्रवाह वाढला तर तो बदल ठेवायचा, नाहीतर काढायचा. रेडियल टाकण्याआधी २० वॅटला ०.५७ अँपिअर होते, लिट्झ कॉइल आल्यावर ०.८८. फेकलेली शक्ती प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणजे तेवढ्याच वॅटमध्ये जवळजवळ अडीचपट.

कॉइलच्या वरच्या टोकाला या प्रवाहात १०५० व्होल्ट असतात आणि शिखराला दीड हजार. स्पर्श झाला तर धक्का बसत नाही, मांस भाजतं, पांढरा ठिपका पडतो आणि आठवडाभर दुखतो. कॉइल निळ्या प्लास्टिकच्या ड्रममध्ये, जमिनीपासून कंबरभर उंच, झाकण बांधलेलं. ड्रमच्या तळाला भोकं पाडा आणि त्यांना बारीक जाळी लावा. जाळी नसेल तर पाली आत राहायला येतात आणि व्हेरिओमीटरच्या फटीत अडकतात. अनुनाद का सरकला ते शोधत तुम्ही अँटेनाच्या तारा तपासत बसता. तारांच्या टोकांना चिनी मातीचे अंडा इन्सुलेटर आणि त्यांच्यापुढे दोन मीटर दोरी, जीआय खांबापासून अंतर राहावं म्हणून. वेळूचे खांब कोरडे असताना चालतात, पावसात तोटा वाढवतात.

वळवाचं काय? एप्रिल-मे मध्ये दुपारनंतर पन्हाळ्यामागून काळे ढग आले की नाइफ स्विच खाली, अँटेना थेट जमिनीला. त्याच्याच शेजारी मोटारसायकलचा जुना स्पार्क प्लग, फट १ मिलिमीटर. कामाच्या दीड हजार व्होल्टला तो उडत नाही, साठलेल्या भाराला उडतो. तो थेट विजेपासून वाचवत नाही, ते काम नाइफ स्विचचंही नाही. ढग दिसले की प्रक्षेपक काढून घरी न्यायचा.

ऐकायची बाजू वेगळी मांडणी मागते. मोठ्या अँटेनावर ऐकलं तर तिच्याबरोबर गावभरच्या मोटारींचा गोंगाट येतो. म्हणून मिनी-व्हिप ही फक्त ऐकण्याची छोटी अँटेना: तीन बाय चार सेंटिमीटरची तांब्याची पाटी, तिच्यामागे जे३१० आणि २एन५१०९ या ट्रान्झिस्टरांचा टप्पा, चार मीटरच्या प्लास्टिक पाइपवर, घरापासून निदान ३० मीटर लांब. खरी अँटेना ती पाटी कमी आणि कोअॅक्स केबलची बाहेरची बाजू जास्त असते, हे ध्यानात ठेवा. कोअॅक्सची जाळी पाइपाच्या पायथ्याशी वेगळ्या खुंटीला अर्थ करा आणि रिसीव्हरपाशी विलग करणारा ट्रान्सफॉर्मर लावा. हे केल्याबरोबर आमचा गोंगाट निम्म्याहून खाली गेला. वीजपुरवठा मोठ्या ट्रान्सफॉर्मरचा किंवा बॅटरीचा. मोबाइल चार्जरसारखा अॅडॉप्टर लावला तर तो एकटाच सगळं बुडवतो. जे३१० मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवताना दहा घ्या आणि मोजून निवडा, नकली बरेच येतात.

रिसीव्हर नीट ऐकतोय का, हे ओळखायला हौशींच्या क्षीण सिग्नलची वाट बघू नका. ५१८ किलोहर्ट्झवर वेंगुर्ल्याच्या नॅव्हटेक्स केंद्राची पाळी आली की दर चार तासांनी दर्यावर्दी सूचनांची किरकिर ऐकू येते. सह्याद्री मधे असूनही ती भरदिवसा यायला हवी. आणखी खाली, साउंड कार्डाच्या आवाक्यात, १८.२ किलोहर्ट्झवर तमिळनाडूतल्या विजयनारायणम् इथल्या आयएनएस कट्टबोम्मनचा नौदल प्रक्षेपक आणि १९.८ वर ऑस्ट्रेलियाचा नॉर्थ वेस्ट केप. हे दोन दिसत नसतील तर दोष तुमच्याकडे आहे.

गोंगाटाचा उगम शोधायला ट्रान्झिस्टर ५३० च्या खालच्या टोकाला लावून हातात धरा आणि फिरा. आमच्या शिवारात दोषी निघाले दोन: गोठ्यातला स्वस्त एलईडी दिवा आणि शेजारच्या पंपाचा सोलर ड्राइव्ह. दिव्याच्या वायरीला फेराइटवर सात वेढे दिले, भागलं. ड्राइव्ह संध्याकाळी आपोआप झोपतो. शेतीच्या फिडरला थ्री फेज रात्रीच्या पाळीला असेल त्या आठवड्यात मात्र फार अपेक्षा ठेवू नये.

हवेत गेल्यावरचं थोडं. डब्ल्यूएसपीआरला रिसीव्हर ४७४.२ किलोहर्ट्झवर, यूएसबी म्हणजे वरच्या साइडबँडमध्ये, आणि प्रक्षेपण ४७५.६ ते ४७५.८ च्या मधे. संदेशात कॉल साइन, जागा सांगणारा ग्रिड चौकोन एमके७६ आणि शक्ती ३० डीबीएम, म्हणजे १ वॅट. ११०.६ सेकंद, सम मिनिटानंतर एका सेकंदाने सुरू. घड्याळ दोन सेकंद चुकलं की डीकोड बंद. दिवसा सांगलीहून आणि बेळगावहून सिग्नलच्या ताकदीचा येणारा अहवाल खडकासारखा स्थिर असतो, तासन्तास एक डेसिबल हलत नाही. पुण्याकडे, दोनशे किलोमीटरवर, दिवसा उणे १९ डेसिबलच्या आसपास. सूर्यास्तानंतर दोन तासांनी तोच अहवाल उणे ८ ते उणे २६ मध्ये झोके खातो. दिवसा आयनांबराचा डी थर आकाशलहर शोषून घेतो, म्हणून फक्त भूलहर पोचते. रात्री वरून परतलेली लहर जवळजवळ तेवढ्याच ताकदीने येते आणि दोघी कधी हातात हात घालतात, कधी एकमेकींना पुसून टाकतात. लांबचं ऐकायचं तर झोके खाणाऱ्या या टापूच्या पलीकडच्याच स्थानकाकडून, आणि तेही नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. मे महिन्यात सगळ्या दक्षिण भारताच्या विजा तुमच्या हेडफोनमध्ये असतात.

१३७ किलोहर्ट्झचा हिशोब याच अँटेनावर करून ठेवला आहे. कॉइल लागते ४.८ मिलिहेन्री: २५० मिलिमीटरच्या पाइपवर २ मिलिमीटर अंतराने सुमारे २०० वेढे, १५५ मीटर लिट्झ. रेडिएशन रेझिस्टन्स ०.०३३ ओम. पूर्ण १ वॅट ईआयआरपीला ३.२ अँपिअर, म्हणजे ६० ओम तोट्यावर ६०० वॅट आणि कॉइलच्या टोकाला १३ हजार व्होल्ट. ते करायचं नाही. २० वॅटवर ३३ मिलिवॅट ईआयआरपी मिळतं, कॉइलवर अडीच हजार व्होल्टही होत नाहीत आणि एफएसटी४डब्ल्यू या संथ पद्धतीचा अर्ध्या तासाचा संदेश लावला तर डब्ल्यूएसपीआरपेक्षा डझनभर डेसिबल जास्त खोल ऐकू येतं. तिथे अनुनादाची रुंदी दोनच किलोहर्ट्झ राहते, म्हणून व्हेरिओमीटरला गिअरची मोटार बसवावी लागेल. वायपरची जुनी मोटार चालते, पण तिचे ब्रश रिसीव्हरच्या वेळी बंद हवेत. १५५ मीटरसाठी पदर पसरवायला तेवढा लांब बांध नाही. पाणंद आहे, पण त्यावरून ऊसतोडीच्या गाड्या जातात. हंगाम संपल्यावर.